उंदीर धरा, मुंगूस राखा

कशेळ्याहून खांडसच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना भाताची खाचरे दिसू लागतात. पीक पोटरीवर आले की बांधावरून सारे हिरवेगार दिसते आणि शेतकऱ्याचा जीव सुखावतो. पण खाचरात चार पावले आत शिरून पाहा. मध्यभागी विळ्याने तिरके कापावेत तसे फुटवे कापून पडलेले आढळतात. कडेचे पीक शाबूत आणि आतले गेलेले, ही उंदराची खूण. बांधावरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, खत, बियाणे, लावणीची मजुरी यांचा हिशेब आपण ठेवतो. उंदराने खाल्लेल्या भाताचा हिशेब कोणी ठेवत नाही. याच कशेळ्यात अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी कुटुंबांसाठी धान्य बँका चालविल्या, कारण पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराच्या दारी जावे लागे. बिळात गेलेले धान्य हेही त्या तुटीतलेच धान्य आहे.

शत्रूची ओळख

आपल्या भातशेतीत जास्त उपद्रव करतो तो शेतातला काळा उंदीर. शास्त्रज्ञ त्याला बँडिकोटा बेंगालेन्सिस म्हणतात. अंगाने आडवा, केस राठ, पकडला की फुरफुरतो. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि तोंड बहुधा मातीने बुजवलेले असते. आत पिलांची जागा वेगळी आणि लोंब्या साठविण्याचे कोठार वेगळे. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात. ती पिल्ले तीन-एक महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणून जूनमधील एक जोडी मारणे हे दिवाळीतील पन्नास उंदीर मारण्यापेक्षा सोपे. जेथे राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होते, तेथे तर उंदराला वर्षभर ताट वाढलेलेच असते.

सापळा लावण्याची रीत

पुष्कळ जण पिंजरा आणतात, एक रात्र लावतात, उंदीर सापडला नाही की माळ्यावर टाकून देतात. दोष पिंजऱ्याचा नसतो. उंदीर नव्या वस्तूला भितो. म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

संध्याकाळी शेतातील सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळे. त्यांच्याजवळ, उंदराच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर पिंजरा किंवा चाप ठेवावा. पहिल्या दोन रात्री दार बांधून उघडे ठेवावे व आत सुका बोंबील, जवळा किंवा खोबऱ्याचा भाजलेला तुकडा ठेवावा. उंदीर निर्धास्त खाऊन जाऊ लागला की तिसऱ्या रात्री दार मोकळे करून पिंजरा लावावा. रोज सकाळी पिंजरा तपासावा. बेडूक, चिचुंद्री, पाखरू सापडल्यास सोडून द्यावे.

बांध रुंद आणि गवताळ असला की उंदराला घर आयतेच मिळते. बांध फूटभरापेक्षा रुंद ठेवू नये व गवत कापून साफ ठेवावा.

कातकऱ्यांची विद्या

बिळातून उंदीर काढण्यात आपल्या भागातील कातकरी बांधवांचा हात कोणी धरणार नाही. बिळाची माती पाहून आत उंदीर आहे की नाही, आणि पळण्याचे दुसरे तोंड कोठे असेल, हे ते अचूक सांगतात. एका तोंडाशी धूर करून दुसऱ्या तोंडाशी दबा धरतात. उंदीर खाण्यास मिळतो, साठविलेले भातही मिळते आणि शेतकऱ्याचा बांध विनाखर्च साफ होतो. तमिळनाडूतील इरुळ लोकांचीही अशीच ख्याती आहे. पूर्वी ते धामणीसारखे साप कातड्यासाठी पकडीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो व्यापार बंद पडला, तेव्हा त्यांच्यातील अनेक जण शेतातील उंदीर पकडू लागले. १९७८ साली त्यांची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्थाही निघाली.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याच्या बांधावर मी झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकून घेतले. शेतकऱ्याला सर्व सूचना दिल्या, वाडीवर मात्र निरोप दिला नाही. चार दिवसांनी तेथून जाताना पाहतो तो तीन-चार कातकरी कुटुंबे तोच बांध उकरीत होती. बाजूला जाळ पेटलेला, पोरे भोवती बसलेली. मला पाहून एक म्हातारे उठून पुढे आले.

"सायेब, या बांदाला औषद घातलंय का? आमी न मारलेला उंदीर गावलाय."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. होय म्हणताच त्यांनी जाळावरचे आणि टोपलीतले सर्व उंदीर खड्ड्यात टाकले, वर माती लोटली. कोणी एक शब्द बोलले नाही. त्या दिवसाचे जेवण मातीत गेले होते. शेतकऱ्याच्या घरधनिणीने दोन पायली तांदूळ आणून दिले, पण माझी चूक त्याने भरून निघाली नाही. म्हाताऱ्यांची नजर पारखी होती म्हणून अनर्थ टळला.

तेव्हापासून माझा नियम असा, की आधी बिळे खणणे आणि सापळा, विष अगदी शेवटी. आणि विष घालायचेच तर आदल्या दिवशी वाडीवर जाऊन स्वतः सांगायचे, बांधावर फांदी रोवून खूण करायची. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. पोटात गेल्यावर त्याचा विषारी वायू होतो. कृषि खात्याच्या देखरेखीखालीच ते वापरावे. आधी दोन दिवस साधे आमिष, मग विषारी आमिष बिळात खोल टाकून तोंड बुजवावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत.

मुंगसाला फास नको

अंगावर केस असलेला प्रत्येक प्राणी आपला शत्रू नव्हे. मुंगूस आणि रानमांजर हे तर आपले बिनपगारी राखणदार. शिवाय घुबड व धामण आहेतच. सशासाठी लावलेल्या तारेच्या फासात अनेकदा मुंगूसच अडकते. चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसाचे केस विकत घेणारे लोक असतात. चार पैशांसाठी त्यांच्या नादी लागू नये. १९७२ च्या कायद्याने ससा, मुंगूस, रानमांजर, साळिंदर यांना पकडणे, मारणे, त्यांचे कातडे किंवा केस विकणे हा गुन्हा आहे. २०२२ साली दुरुस्ती होऊनही हे संरक्षण कायम आहे. दंड आणि तुरुंग हे तर आहेच, पण ज्या बांधावरचे मुंगूस गेले त्या बांधावर पुढच्या वर्षी किती बिळे होतात ते मोजून पाहावे. घुबडांना बसण्यासाठी शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबे उभारावेत. दाणे भरू लागले की ते काढून घ्यावेत, नाहीतर दाणे टिपणारी पाखरे त्यावर बसतील.

हात लावताना जपा

उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. खाचरातील पाण्यात अनवाणी राबणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी किंवा फावडे वापरावे. पायाला जखम असेल तर ती झाकूनच चिखलात उतरावे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल अशी लक्षणे दिसताच अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

एकट्याचे काम नव्हे

एकाने आपले खाचर साफ केले आणि शेजाऱ्याने नाही, तर आठवड्यात उंदीर पुन्हा हजर. म्हणून मे महिन्यात, नांगरणीपूर्वी, साऱ्या गावाने एकाच आठवड्यात मोहीम करावी. दुसरी लावणीनंतर, पीक पोटरीवर येण्यापूर्वी. ग्रामसभेत दिवस ठरवावा. कातकरी वाडीवरील जाणत्या माणसांना मानाने बोलवावे, ठरलेली मजुरी द्यावी आणि त्या दिवसांत गावात कोणीही विष टाकणार नाही असा शब्द द्यावा. बिळातले भात पूर्वापार त्यांचेच. त्यावर हक्क सांगू नये.