हवाई रुग्णवाहिकेचे वैमानिक : अर्हता, कर्तव्यकाळ आणि वेतन

प्रस्तावना

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. नेरूळ, बेलापूर येथील मोठी रुग्णालये आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन संकुल या विमानतळाच्या परिसरातच आहे. विदर्भातून अथवा मराठवाड्यातून विमानाने आणलेल्या अत्यवस्थ रुग्णाला त्यापूर्वी सांताक्रूझला उतरवून, पुढे रस्त्याने खाडी ओलांडून नवी मुंबईत आणावे लागे. रस्त्याचा हा टप्पा कमी होण्याची शक्यता निर्माण झाल्याने हवाई रुग्णवाहिकेचा विषय येथील वैद्यकीय क्षेत्राला अधिक जवळचा झाला आहे. मात्र या विषयाच्या चर्चेत विमान, व्हेंटिलेटर आणि डॉक्टर यांचा जेवढा उल्लेख होतो तेवढा वैमानिकाचा होत नाही. वस्तुतः विमानाने निघावे की न निघावे, हा पहिला निर्णय त्याचा असतो. तो निर्णय त्याला कितपत मोकळेपणाने घेता येतो, हे त्याची अर्हता, विश्रांती आणि पगाराची रचना यांवर ठरते. प्रस्तुत लेखात या तीन बाबींचा याच दृष्टीने विचार केला आहे.

अर्हता

भारतात हवाई रुग्णवाहिकेच्या वैमानिकासाठी वेगळा परवाना नाही. ही सेवा प्रामुख्याने भाड्याने विमाने देणाऱ्या अनियमित वाहतूक कंपन्या चालवितात. सकाळी उद्योगपतीला नेणारा वैमानिक सायंकाळी स्ट्रेचर घेऊन निघतो, असेही घडते. त्यामुळे अर्हताही सर्वसाधारण व्यावसायिक वैमानिकाचीच असते : किमान वय १८ वर्षे, भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण, प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विमानासाठी किमान २०० तासांचे उड्डाण. हेलिकॉप्टरसाठी ही मर्यादा १५० तासांची आहे. विमान वाहतूक वैमानिक हा त्यापुढील परवाना १५०० तासांनंतर मिळतो. ज्या प्रकारचे विमान चालवायचे, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि नोंदही आवश्यक असते.

या २०० तासांत एक बारीक आकडा दडलेला आहे. रात्रीच्या वेळी वैमानिकाने स्वतःच्या जबाबदारीवर केलेले उड्डाण त्यात किमान ५ तास असले तरी पुरते. रुग्णाची प्रकृती मात्र सूर्यास्त पाहून बिघडत नाही. अर्थात कोणतीही जबाबदार कंपनी नवशिक्याला एकट्याने रात्री धाडीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. रात्रीचे कौशल्य सतत सरावावाचून टिकत नाही आणि तो सरावही निर्धोक नसतो. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी मुंबईजवळच्या समुद्रावर रात्रीच्या प्रशिक्षण उड्डाणावर असलेले पवन हंसचे हेलिकॉप्टर कोसळले व त्यातील दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले.

परवान्याच्या परीक्षेत नसलेला आणखी एक भाग रुग्णाच्या शरीराशी संबंधित आहे. उंचावरून जाणाऱ्या विमानाच्या केबिनमधील दाब साधारणतः ६ ते ८ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. दाब कमी झाला की बंदिस्त वायू प्रसरण पावतो, हा शालेय पुस्तकातील नियम येथे जिवावर बेतू शकतो. फुप्फुसाभोवती हवा साचलेली असेल किंवा डोक्याच्या दुखापतीनंतर कवटीत हवा शिरली असेल, तर डॉक्टर केबिनचा दाब जमिनीवरील दाबाच्या जवळ ठेवण्याची मागणी करतात. त्यासाठी विमान खालून न्यावे लागते. खालून गेल्यास इंधन अधिक जळते आणि जे ढग वरून टाळता आले असते त्यांतून वाट काढावी लागते. हा हिशेब वैमानिक बहुधा अनुभवातून आणि सोबतच्या डॉक्टरांकडून शिकतो.

आणीबाणीच्या हाताळणीत मात्र प्रशिक्षणाचा कस दिसतो. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्णाला घेऊन उडालेल्या बीचक्राफ्ट सी-९० विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. वैमानिकाने ते विमान मुंबईत, फेस पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरविले. विमानातील पाचही जण सुखरूप राहिले. या घटनेचे उचित कौतुक झाले. हवामान पाहून जे वैमानिक निघतच नाहीत, त्यांची वार्ता होत नाही.

कर्तव्यकाळ

वैमानिकांच्या कामाच्या तासांवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियंत्रण असते. वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या अवतरणांची मर्यादा ६ वरून २ वर आणली. हे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा सामान्य प्रवाशालाही त्यांची ओळख झाली. परंतु हे नियम प्रामुख्याने वेळापत्रकानुसार चालणाऱ्या सेवा समोर ठेवून आखलेले आहेत. हवाई रुग्णवाहिकेला वेळापत्रकच नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सकाळी सात वाजता उठलेल्या, घरीच असलेल्या वैमानिकाला सायंकाळी पाच वाजता बोलावणे येते. नागपूरहून रुग्ण आणायचा आहे. सहाला तो विमानतळावर हजर होतो, सातला विमान रिकामे निघते आणि पावणेनऊला नागपुरास पोहोचते. तेथे रुग्णाची प्रकृती स्थिर करणे, कागदपत्रे आणि रुग्णालयाचे देयक यांत तीन तास जातात. पावणेबाराला निघालेले विमान दीडला उतरते, रुग्ण सुपूर्द होतो आणि दोन वाजता वैमानिक मोकळा होतो. नोंदवहीत उड्डाण साडेतीन तासांचे व कर्तव्य आठ तासांचे दिसते. नियमाच्या दृष्टीने यात फारसे वावगे नाही. प्रत्यक्षात मात्र शेवटचे अवतरण करताना हा माणूस साडेअठरा तास जागा असतो. कर्तव्याचे घड्याळ हजेरीपासून चालू होते, शरीराचे घड्याळ उठल्यापासून.

यावर उपाय म्हणजे पाळी. अमेरिकेत हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेचे वैमानिक सामान्यतः बारा तासांच्या दिवस अथवा रात्रपाळीत तळावरच राहतात. सात दिवस काम आणि सात दिवस सुटी, अशी पद्धत तेथे बरीच रूढ आहे. रात्रपाळीचा वैमानिक दिवसा झोपलेला असतो, हा यातील खरा लाभ होय. मात्र अशा व्यवस्थेत एका विमानामागे वैमानिकांच्या अनेक जोड्या पोसाव्या लागतात. महिन्यातून मोजकीच उड्डाणे मिळणाऱ्या लहान कंपनीला हा भार पेलत नाही, म्हणून ‘घरी रहा, फोन चालू ठेवा’ ही पद्धत टिकून राहते.

वेतन

येथेच वेतनाचा प्रश्न उपस्थित होतो. व्यावसायिक परवाना मिळेपर्यंत उमेदवाराचे लाखो रुपये खर्च होतात आणि अनेकांनी त्यासाठी कर्ज काढलेले असते. वैमानिकाच्या वेतनाचे स्थूलमानाने दोन भाग असतात : निश्चित मासिक रक्कम आणि उड्डाणाच्या तासांनुसार मिळणारा भत्ता. मोठ्या विमान कंपन्यांत तास भरपूर मिळतात. हवाई रुग्णवाहिकेचे काम मात्र मुख्यतः प्रतीक्षेचे आहे. वरील उदाहरणातील आठ तासांच्या कर्तव्यापैकी ‘तास’ म्हणून साडेतीनच मोजले जातात आणि दिवसभर फोनजवळ बसल्याची तर गणतीच नाही. तासिका तत्त्वावर काम केलेल्या अध्यापकाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. तासिका बुडाल्यास अध्यापकाचे मानधन बुडते. रुग्णवाहू विमानाच्या वैमानिकाने हवामानामुळे नकार दिल्यास त्याचा भत्ता बुडतो, कंपनीचे लाखो रुपयांचे भाडे बुडते आणि रुग्णाचे नातेवाईक समोर हात जोडून उभे असतात. वेतनात तासांचा वाटा जितका मोठा, तितका नकार महाग होतो. म्हणून या सेवेत निश्चित वेतनाचा वाटा अधिक असणे ही वैमानिकांच्या हिताइतकीच रुग्णाच्या सुरक्षिततेचीही बाब आहे.

नकाराची किंमत

२५ मे २०११ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण घेऊन निघालेले एका इंजिनाचे पिलाटस पीसी-१२ विमान रात्री वादळी हवामानात फरीदाबाद येथील वस्तीवर कोसळले. विमानातील ७ आणि जमिनीवरील ३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. १७ मे २०२५ रोजी ऋषिकेशच्या एम्सचे हेलिकॉप्टर रुग्णाला आणण्यासाठी केदारनाथला उतरताना मोडले. सुदैवाने त्यातील तिघेही बचावले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. परंतु पलीकडे रुग्ण वाट पाहत आहे, ही जाणीव अशा प्रत्येक उड्डाणात सोबत असते.

या जाणिवेपासून वैमानिकाला दूर ठेवण्याची पद्धत अमेरिकेत अनेक सेवांनी स्वीकारली आहे. २००८ हे वर्ष तेथील हेलिकॉप्टर रुग्णवाहिकांसाठी अत्यंत प्राणघातक ठरले. त्यानंतर दीर्घ चर्चा होऊन २०१४ मध्ये कडक नियम आले. उपकरणांच्या साहाय्याने उड्डाण करण्याची अर्हता तेथे आता अनिवार्य आहे. वैमानिकाला केवळ कोठून कोठे जायचे आणि वजन किती, एवढेच सांगितले जाते. रुग्ण बालक आहे की वृद्ध, हे तो होकार देईपर्यंत त्याला कळू दिले जात नाही. शिवाय वैमानिक, परिचारिका व वैद्यकीय सहायक यांपैकी एकानेही नकार दिल्यास उड्डाण होत नाही आणि त्याचे कारण विचारले जात नाही.

नवी मुंबईतील रुग्णालये हवाई सेवेशी करार करताना उपकरणांची यादी काटेकोरपणे जोडतील यात शंका नाही. त्याच करारात वैमानिकाच्या पाळीचा तक्ता मागता येईल. रुग्णाचा तपशील डॉक्टरांपुरताच राहील, अशी अट घालता येईल. हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास भाड्याचे काय होणार, हेही आधीच ठरविता येईल. आणि वैमानिकाने नकार दिल्यास त्या क्षणी निघू शकेल अशी, अतिदक्षता विभागाची सोय असलेली रस्त्यावरची रुग्णवाहिका पलीकडच्या गावी सज्ज आहे की नाही, हे विमान बोलावतानाच विचारता येईल.