कातळ, भेग आणि लेणी

घोटीच्या परिसरात राहणाऱ्यास दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. दक्षिणेस १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, त्याच्या शेजारी अलंग, मदन व कुलंग यांचे कडे आणि पश्चिमेस इगतपुरीपलीकडे थळ घाट, असा आपला सारा भूप्रदेश कातळाचा आहे. ‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचार याच मातीतला. परंतु हाच अभेद्य भासणारा काळा दगड पावसाळ्यात घाटात कोसळतो आणि पाथरवटाच्या हाती सहज दुभंगतो. याचे उत्तर दगडात जितके आहे, त्याहून अधिक त्यातील भेगांत आहे.

सह्याद्रीचा हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वारंवार बाहेर पडला व थरांवर थर साचत गेले. तापलेला रस थिजताना आकसतो. तळ्यातील चिखल सुकताना जसा तडकतो, तसाच हा थरही तडकला. मुंबईतील अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे पाषाणस्तंभ याच प्रक्रियेतून घडले. म्हणजे पुष्कळशा भेगा दगडाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहेत. दोन थरांमधील आडव्या फटी, मधूनच आढळणारे तांबड्या मातीचे मृदू पट्टे आणि पुढे ऊन, पाऊस व झाडांची मुळे यांनी रुंदावलेल्या चिरा यांची त्यात भर पडते.

अखंड, ताज्या बेसॉल्टचा लहान तुकडा दर चौरस सेंटीमीटरला एक हजार किलोग्रॅमहूनही अधिक दाब सहन करू शकतो. मात्र तोच तुकडा ताणला, तर त्याची शक्ती साधारण दहाव्या हिश्शावर येते. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, हे त्याचे कारण. अखंड दगडात बल सर्वत्र वाटले जाते. वाटेत भेग आली की ते तिला वळसा घालते आणि तिच्या अणकुचीदार टोकाशी गर्दी करते. तेथे मर्यादा ओलांडली गेली की भेग पुढे सरकते, आणि ती जितकी लांब, तितके कमी बल तिला पुरते. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांच्या आधारे हे तत्त्व १९२१ मध्ये मांडले. तुकडा मोठा घ्यावा, तसतशी त्यात मोठी भेग असण्याची शक्यता वाढते. म्हणूनच प्रयोगशाळेतील तुकडा मजबूत ठरतो, पण ज्या डोंगरातून तो आणला तो डोंगर तितका मजबूत नसतो.

सर्व भेगा सारख्याच घातक नसतात. वरच्या भाराने आडवी भेग मिटते, तर तिरकी भेग वरच्या खडकास घसरण्याची वाट करून देते. तिच्या दोन्ही बाजूंतील घर्षणच खडकाला धरून ठेवते. पावसाळ्यात भेगेतील माती भिजली की हे घर्षण घटते. शिवाय भेगेत १० मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब निर्माण होतो आणि तो खडकास बाहेर ढकलतो. दरडी पावसाळ्यात कोसळतात, यामागे हे दुहेरी कारण आहे.

हे शास्त्र लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी श्रमिकांच्या हाताला ते ठाऊक होते. पाथरवट व वडार कारागीर दगडावर एका ओळीत भोके पाडतात, त्यांत पाचरी बसवतात आणि आळीपाळीने घणाचे घाव घालतात. दगड त्या ओळीतच उलतो. स्वतः निर्माण केलेल्या भेगेला हवी ती दिशा देण्याचे हे कौशल्य आहे.

आपल्या पूर्वजांच्या लेण्यांतही याच ज्ञानाची साक्ष मिळते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात उषवदाताच्या शिलालेखात लेणे व पाण्याची टाकी खोदविल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांच्या उंबरठ्यावरही ते विहार उभे आहेत, यात दात्यांच्या दानाइतकाच खडक पारखणाऱ्या अनाम हातांचा वाटा आहे. दात्यांची नावे शिलालेखांत कोरली गेली. ज्यांनी ती कोरली, त्यांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत. ही पारख दर वेळी साधलीच असे नाही. अजिंठ्याचे चौथे लेणे हा तेथील सर्वांत मोठा विहार आहे. खोदकाम सुरू असताना खडकातील दोषामुळे त्याच्या दालनाचे छत कोसळले आणि कारागिरांना ते अधिक उंचीवर नव्याने कोरावे लागले. काम पूर्णत्वास गेले नाही, तरी विहार टाकून दिला गेला नाही. गाभाऱ्यात बुद्धमूर्ती साकारली व ती दान देणाऱ्याचा लेखही कोरला गेला.

आधुनिक काळात थळ घाटातून लोहमार्ग काढून १८६५ मध्ये रेल्वे इगतपुरीस पोहोचली. अलीकडे समृद्धी महामार्गासाठी याच डोंगरात सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा खोदला गेला. बोगदा खोदताना भेगांची दिशा व अंतर पाहूनच खडकाचा दर्जा ठरवतात. सैल खडक पोलादी सळ्यांनी मागच्या घट्ट कातळाशी जखडतात, त्यावर सिमेंटचा थर फवारतात आणि पाण्यास वाट करून देतात. भेग नाहीशी करता येत नाही, पण तिला सरकण्यापासून रोखता येते.

मात्र हे उपाय महामार्गाच्या वाट्याला येतात. डोंगरकुशीतील वाड्यांच्या वाट्याला क्वचितच येतात. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. दोन्ही ठिकाणी बळी गेले ते प्रामुख्याने आदिवासी. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. कड्याच्या पायथ्याशी कोणाला राहावे लागते, हे मात्र समाजरचना ठरवते. म्हणून हा विषय भूगोलाच्या तासापुरता राहू नये.

आपले अनेक विद्यार्थी अशाच वाड्या-पाड्यांतून येतात. त्यांनी सुटीत घरी गेल्यावर डोंगराकडे डोळसपणे पाहावे. उतारावर नवी भेग पडली आहे का, जुनी रुंदावली आहे का, झाडे वा खांब कलले आहेत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे का, हे पाहावे. असे काही आढळल्यास ग्रामपंचायत व तलाठी यांना लेखी कळवावे आणि मुसळधार पावसात त्या जागेपासून दूर राहण्याचा आग्रह धरावा. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण तथागतांकडून शिकलो. दरड हाही दैवी कोप नव्हे. तिची कारणे भेगेत दिसतात, आणि जी कारणे दिसतात त्यांवर वेळीच उपाय करता येतो.