प्रिंटरचं नाव आणि प्रिंटर

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात, १९७१ साली गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याने कंपनीच्याच एका कॉपी काढण्याच्या मशीनला लेझरची जोड दिली. पुढे त्यातून जो प्रिंटर घडला तो सेकंदाला एक पान छापायचा, इंचाला ५०० ठिपके इतक्या बारकाईने. साडेआठ बाय अकरा इंची कागदावर हे ठिपके होतात २ कोटी ३३ लाखांहून जास्त. याच केंद्रात बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. तिथल्या ऑल्टो संगणकांना एकमेकांशी आणि या प्रिंटरशी जोडायचं होतं. पण त्या तारेतून सेकंदाला जेमतेम २९ लाख ४० हजार बिट जात. म्हणजे एका पानाचे ठिपके पोचायलाच आठ सेकंद लागले असते!

मग सेकंदाला एक पान निघायचं कसं? ठिपके पाठवायचेच नाहीत. पाठवायचं ते पानाचं वर्णन: या जागी हे अक्षर, इतक्या आकाराचं, इथून तिथवर रेघ. ठिपके पाडायचे ते प्रिंटरजवळ. मला ऑफिसातल्या आजच्या छपाईचं मर्म या युक्तीत दिसतं. त्याच केंद्रातले जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी बाहेर पडून १९८२ मध्ये अ‍ॅडोबी काढली, आणि १९८४ मध्ये पानाचं वर्णन करणारी त्यांची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. अक्षराची बाह्यरेषाच वर्णनात जाऊ शकते, म्हणून प्रिंटरला मराठी यावी लागत नाही. ‘लक्ष्मी’तलं जोडाक्षर संगणकावर जुळतं आणि जसंच्या तसं कागदावर उतरतं.

अडचण अशी की अनेक कंपन्यांच्या, अनेक मॉडेलांच्या प्रिंटरांना वेगवेगळ्या बोली कळतात, आणि प्रत्येक बोलीसाठी संगणकावर ड्रायव्हर, म्हणजे दुभाषी प्रोग्रॅम, हवा. शंभर संगणक आणि दहा प्रिंटर असलेल्या ऑफिसात प्रत्येक टेबलाशी जाऊन तो टाकत बसणं म्हणजे एका माणसाचे कित्येक दिवस. म्हणून मधे एक प्रिंट सर्व्हर बसवतात. ड्रायव्हर, सेटिंग आणि रांगा सांभाळायचं काम त्याचं. विंडोजमध्ये ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या संगणकांना एका जागेवरून लागू होणारी नियमावली, लावली की लेखा विभागातल्या माणसाने लॉग-इन करताच त्याच्या मजल्यावरचा प्रिंटर आपोआप यादीत दिसतो.

इथे एक सुंदर गोष्ट घडते. ‘तिसरा मजला, लेखा’ हे आता यंत्र राहत नाही, नुसतं नाव उरतं. यंत्र दुरुस्तीला गेलं की सिस्टिम सांभाळणारा माणूस त्या नावामागे तशाच जातीचं दुसरं यंत्र जोडतो, आणि शंभरातल्या एकालाही त्याची खबर लागत नाही. एका नावामागे दोन-तीन सारखी यंत्रं उभी करता येतात; जे रिकामं, ते काम उचलतं. याच्याही पुढची सोय म्हणजे काम सर्व्हरवर थांबवून ठेवायचं आणि माणसाने कुठल्याही प्रिंटरपाशी जाऊन ओळखपत्र टेकवलं की तिथे छापायचं. पगाराची स्लिप ट्रेमध्ये बेवारस पडून राहण्याचा प्रश्न त्याने मिटतो. टोनर किती उरला, कागद कुठल्या खणात संपला, हे प्रिंटरने नेटवर्कवरून कसं सांगावं याचं मानक १९९५ पासून आहे.

पण सगळं एका जागी आलं की धोकाही तिथेच साठतो. २०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं विंडोजच्या सुरक्षेतलं भगदाड उघड झालं. छपाईची रांग सांभाळणारी स्पूलर सेवा जवळपास प्रत्येक विंडोज संगणकावर सर्वोच्च अधिकारांनिशी चालते, आणि ड्रायव्हर बसवून घेण्याच्या तिच्या सोयीतूनच घुसखोराला आपला प्रोग्रॅम चालवता येत होता. मायक्रोसॉफ्टने मोफत आधार संपलेल्या विंडोज ७ साठीसुद्धा दुरुस्ती काढली. ऑगस्टपासून तर असा ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले. कित्येक ऑफिसांची घडी त्याने विस्कटली, पण निर्णय योग्यच होता.

खरा उपाय म्हणजे ड्रायव्हरच नको. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आयपीपीमध्ये, संगणक प्रिंटरलाच विचारतो, ‘तुला काय काय येतं?’ रंग, दोन्ही बाजू, कागदाचे आकार, सगळं तो स्वतः सांगतो. मग काम सर्वांना ठाऊक असलेल्या स्वरूपात जातं. १९९९ पासून लिनक्सच्या जगात आलेली कप्स ही छपाई-व्यवस्था याच प्रोटोकॉलवर उभी आहे. २०१० मध्ये आयफोनवर आलेलं एअरप्रिंटही त्यावरच चालतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेणार असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा ऑफिससाठी नवा प्रिंटर घेताना मिनिटाला किती पानं, एवढंच विचारू नका. तो ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’, एअरप्रिंट किंवा मोप्रिया या ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या मानकांपैकी काय पाळतो, तेही विचारा. आणि ज्या सर्व्हरवरून एकही पान छापलं जात नाही, त्याची स्पूलर सेवा आजच बंद करायला सांगा.