ओळींचे स्तंभ आणि बोलींचे कोष्टक

भाषिक सर्वेक्षणात सामग्री ज्या क्रमाने जमा होते, त्या क्रमाने ती अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही. सर्वेक्षक गावोगाव जाऊन एकेक उत्तर टिपतो. अभ्यासकाला मात्र एकाच संकल्पनेसाठी निरनिराळ्या गावांत वापरले जाणारे शब्द शेजारीशेजारी पाहावयाचे असतात. पहिल्या मांडणीतून दुसरी सिद्ध करणे, म्हणजेच ओळींचे स्तंभ करणे, ही क्रिया वरवर यांत्रिक भासते. वस्तुतः तिच्यात अभ्यासकाचे काही निर्णय दडलेले असतात.

ही मांडणी संगणकापूर्वीची आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शब्द व वाक्ये यांच्या प्रमाण यादीत प्रत्येक संकल्पनेला एक ओळ आणि प्रत्येक बोलीला एक स्तंभ आहे. हैदराबाद संस्थान मात्र या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या, तेलुगू प्रदेशाच्या सान्निध्यात असलेल्या गावाच्या मराठीला त्या यादीत स्तंभ मिळाला नाही.

आजच्या डेटाबेसमध्ये हीच सामग्री लांबट कोष्टकात ठेवली जाते. गाव, भाषक, संकल्पना व शब्द असे चार स्तंभ, आणि प्रत्येक उत्तराला एक ओळ. नवे गाव आले तर केवळ ओळी वाढतात, रचना बदलावी लागत नाही. तुलनेसाठी मात्र क्वेरी लिहून ‘गाव’ या स्तंभातील मूल्यांनाच स्तंभांची शीर्षके करावी लागतात.

त्याची सर्वत्र चालणारी रीत अशी. ‘ग्रूप बाय’ने संकल्पनेनुसार ओळींचे गट पाडावयाचे. मग प्रत्येक गावासाठी एक ‘केस’ अट लिहावयाची: गाव उमरी असेल तर शब्द घ्यावा, अन्यथा घर रिक्त ठेवावे. शेवटी गटातील सर्व ओळी एका ओळीत मिटवण्यासाठी या अटीभोवती ‘मॅक्स’ हे फलन घालावयाचे. ते रिक्त मूल्ये वगळते व उरलेला शब्द घरात ठेवते. काही प्रणालींत यासाठी ‘पिव्हट’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. तिचाही गाभा हाच.

गावात एका संकल्पनेला एकच उत्तर असेल तोवर ही रीत निर्दोष होय. परंतु समजा, उमरीतील एका भाषकाने ‘आई’ म्हटले व दुसऱ्याने ‘माय’. ‘मॅक्स’ वर्णक्रमाने शेवटचा शब्द ठेवते, म्हणून घरात ‘माय’ येईल. ‘मिन’ वापरल्यास ‘आई’. दोन्ही वेळा क्वेरी बिनतक्रार चालते आणि दोन्ही वेळा एक उत्तर नाहीसे होते. या कोष्टकावरून नकाशा काढल्यास बोलींची सीमारेषा भाषकांनी नव्हे, तर फलनाच्या निवडीने आखली असे होईल. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात एकेका गावातील अनेक भाषकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. अशा सामग्रीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण वय, लिंग व शिक्षण यांनुसार पडणारा शब्दभेद हाच तेथे अभ्यासाचा विषय असतो.

उपाय अवघड नाही. ‘मॅक्स’ऐवजी सर्व शब्द स्वल्पविरामाने जोडणारे फलन वापरावे, अथवा प्रत्येक शब्दाला स्वतंत्र ओळ देऊन घरात तो सांगणाऱ्या भाषकांची संख्या मांडावी. तत्पूर्वी, एका गावात एका संकल्पनेला एकाहून अधिक शब्द कोठे आहेत, हे वेगळ्या क्वेरीने मोजून पाहावे.

रिक्त घराचा अर्थही तपासणे अवश्य आहे. प्रश्न विचारला नाही, विचारूनही उत्तर मिळाले नाही, किंवा त्या बोलीत तसा शब्दच नाही, या तीन भिन्न गोष्टी असून कोष्टकात त्या सारख्याच दिसतात. हा भेद मूळ ओळीत नोंदविला असेल तरच तो टिकतो.

शिवाय साध्या क्वेरीत स्तंभांची नावे आधीच लिहावी लागतात. ज्या गावाचे नाव लिहिले नाही, ते कोणतीही सूचना न देता गळते. ग्रिअर्सनच्या यादीत मराठवाड्याचा स्तंभ नाही, याचे कारण निदान इतिहासात सापडते. क्वेरीतून गळलेल्या गावाचे कारण कोठेही सापडत नाही. म्हणून प्रत्येक तुलनात्मक कोष्टकासोबत ती सिद्ध करणारी क्वेरी व मूळ ओळी जपून ठेवणे, हा संशोधनपद्धतीचाच भाग मानला पाहिजे.