भीती आधी की धडधड?

यवतमाळ जिल्ह्यात रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी रात्री जागलीला जातात. तुरीच्या ओळीत खसखस झाली की छाती धडधडते आणि डुकरांचा राग येतो. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात ‘अवनी’ (टी-१) या वाघिणीची दहशत होती. १३ माणसांच्या मृत्यूंसाठी तिला जबाबदार धरले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालून मारण्यात आले. त्या दिवसांत तीच खसखस ऐकणाऱ्याच्या मनात रागाऐवजी भीतीच उभी राहणार. आवाज तोच, धडधड तीच. मग भावना वेगळी का?

भीती वाटते म्हणून आपण पळतो, असे आपण धरून चालतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली हा क्रम उलटा केला. अस्वल दिसताच शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भीती, असे ते म्हणाले. डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनी १८८५ साली स्वतंत्रपणे असेच मत मांडले.

वॉल्टर कॅनन यांनी १९२७ साली यावर हरकत घेतली. हृदय रागातही धडधडते, भीतीतही आणि तापातही. मग नुसत्या धडधडीवरून भावना कशी ओळखायची? त्यांच्या मते भावना आणि शारीरिक बदल मेंदूतून एकाच वेळी सुरू होतात.

१९६२ साली शाक्टर आणि सिंगर यांनी सुचवले, की शरीराची उत्तेजना आणि तिला आपण लावलेला अर्थ, या दोहोंतून भावना घडते. त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष पुढे इतरांना जसेच्या तसे मिळाले नाहीत. तरी अर्थाचे महत्त्व टिकून राहिले. रिचर्ड लॅझरस यांनी तर प्रसंगाचे मूल्यमापन आधी, भावना नंतर, असे मांडले.

हे वर्गात पडताळून पाहता येईल. मुलांना एक मिनिट जागच्या जागी धावायला लावून नाडी मोजायला सांगू. ठोके वाढतात, पण भीती वाटत नाही. कारण ठोके कशाने वाढले ते मुलांना ठाऊक असते. तोंडी परीक्षेआधीही ठोके वाढतात. तेथे मात्र मुले त्यांचा अर्थ ‘आता मी चुकणार’ असा लावतात.

म्हणून नुसते ‘घाबरू नको’ म्हणून भागत नाही. तिला किंवा त्याला काय होईल असे वाटते, हे आधी विचारले पाहिजे. टिपेश्वर अभयारण्यालगतच्या मुलाला अंधारात एकटे जायची भीती वाटत असेल, तर ती रास्त आहे. तेथे सोबत हवी. परीक्षेच्या भीतीचा अर्थ मात्र बदलता येतो. कोणती भीती जपायची आणि कोणती तपासायची, हे मुलांना आपणच शिकवायचे आहे.