नवा ट्रेलर, जुने समज

नव्या ट्रेलरची पूजा झाली की पहिला खर्च होतो तो हॉर्नवर. मग टपावर एलईडीची पट्टी, आरशांना झुपके, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड. हप्त्याचं टेन्शन अजून सुरू व्हायचं असतं, हातात थोडे पैसे असतात आणि दुकानदाराला ते दिसतात. गंमत म्हणजे यातला अनेक सुरांत वाजणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे मुळात चालतच नाही.

न्हावा शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून उरणकडच्या जासई, चिर्ले, धुतूम, सोनारी या गावांत दाराशी घोडा उभा असणं हे काही नवल राहिलेलं नाही. घोडा म्हणजे पुढचं इंजिनवालं तोंड, मागचा लांब सांगाडा तो ट्रेलर. गावात इतके ट्रेलर असूनही नवीन मालकाला सल्ला मिळतो तो बहुतेक ऐकीव. मूळ गोष्ट अशी, की ट्रेलर हे जोडांवर चालणारं वाहन आहे. घोडा आणि ट्रेलर यांच्यात एक किंगपिन (ट्रेलरखालची जोडाची खुंटी), दोन हवेच्या नळ्या आणि विजेची केबल. ट्रेलर आणि कंटेनर यांच्यात लॉक. ट्रेलर आणि रस्ता यांच्यात बारा टायर. घात होतो तो या जोडांवर, म्हणून सामानाची यादीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

गैरसमज : एवढं वजन हलतंय कुठं? लॉक नाही लावलं तरी चालतं.

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महाग पडणारा समज. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना पोलादी ठोकळे असतात, त्यांना लांबट भोकं असतात. ट्रेलरच्या ट्विस्टलॉकचं डोकं खालच्या भोकात शिरतं आणि दांडा फिरवला की आडवं होऊन अडकतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत माल्कम मॅकलीनने कंटेनरचा धंदा उभा केला, तेव्हा त्याचा अभियंता किथ टँटलिंगर याने ही रचना घडवली. आज जगभरचे कंटेनर त्याच तत्त्वावर बसतात.

लॉक दोन कामं करतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. डोकं नुसतं भोकात बसलं तरी कंटेनर सरकत नाही. पण तो वर उचलला जाऊ नये हे काम फक्त फिरवलेलं डोकं करतं. न फिरवलेल्या लॉकवर कंटेनर बसवून सरळ रस्त्याने महिनोन्‌महिने जाता येतं, म्हणून ड्रायव्हरची खात्री पटते. मग एके दिवशी उड्डाणपुलाच्या उताराच्या वळणावर, मागचं चाक खड्ड्यात गेलेलं असताना, कंटेनरची एक कड उचलली जाते आणि पुढचं सगळं दोन सेकंदांत आटोपतं.

वजनाचा भरवसाही खोटाच. वजन वाढलं की घर्षण वाढतं हे खरं, पण वळणावर बाहेर फेकणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. जड मालाला वेगळी सवलत मिळत नाही. रिकाम्या कंटेनरचा धोका तर आणखी निराळा. चाळीसफुटी हाय क्यूबची, म्हणजे जादा उंच कंटेनरची, एक बाजू साधारण ३५ चौरस मीटर भरते आणि अख्ख्या खोक्याचं वजन चार टनांच्या आत. जूनमध्ये खाडीवरून वारा सुटला की ते शीडच असतं. आणि एमटी यार्डात रिकामा कंटेनर सोडायला जातानाच लॉकचा सर्वांत जास्त कंटाळा केला जातो.

याला जोडून दोन समज चालतात. एक : गाडी उलटलीच तर कंटेनर सुटून पडेल, कॅबिन वाचेल. तो पडतो खरा, पण शेजारून जाणाऱ्या रिक्षावर किंवा मोटारसायकलवर. शिवाय लॉक लावलेलं असतं तेव्हा ट्रेलरचं स्वतःचं, खाली असलेलं वजन कंटेनरला धरून ठेवतं, म्हणजे मुळात उलटायलाच जास्त जोर लागतो. दुसरा : लॉक उघडायला विसरलो तर यार्डातली आरटीजी, म्हणजे रबरी चाकांवरची, क्रेन ट्रेलरसकट उचलते. ही भीती खरी आहे, असे प्रकार बंदरांत घडतात. पण त्यावर उपाय म्हणजे टर्मिनलमध्ये ठरलेल्या जागी लॉक उघडणं. बंदराबाहेर करळ फाट्यावरच उघडून ठेवणं नव्हे.

खरेदी काय? चाळीसफुटी ट्रेलरवर एक चाळीस, दोन वीस किंवा मधोमध एक वीस असे प्रकार बसवायचे तर सगळ्या जागी मिळून बारा लॉक असतात. डिलिव्हरी घेताना प्रत्येक लॉक हाताने फिरवून पाहा. दोन जादा लॉक, ग्रीसचा डबा आणि तारेचा ब्रश घ्या. उरणच्या खाऱ्या हवेत न वापरलेलं मधलं लॉक एका पावसाळ्यात गंजून बसतं आणि मग हातोडीशिवाय हलत नाही.

गैरसमज : ब्रेक घोड्याचा, ट्रेलर नुसता मागून येतो.

आकडे पाहा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार दोन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर पुढच्या ॲक्सलवर ७ टन, घोड्याच्या मागच्या ॲक्सलवर ११.५ टन आणि ट्रेलरच्या तीन ॲक्सलवर २७ टन, एकूण ४५.५ टन. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन ट्रेलरच्या चाकांवर. टायर कमी झिजावेत म्हणून काही जण ट्रेलरचे ब्रेक ढिले करून घेतात. असा ट्रेलर बोरघाटाच्या उतारावर घोड्याला मागून ढकलतो, घोडा आडवा वळतो आणि गाडी चाकूसारखी मिटते. टायर वाचवायचे हे काटकसरीचे मार्ग मला कधी कळलेले नाहीत.

दोन नळ्यांची कामं वेगळी. लाल नळी ट्रेलरच्या टाकीत हवा भरत राहते. पिवळी नळी पायाचा हुकूम मागे पोचवते. लाल तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, गाडी जागच्या जागी थांबते, शिव्या बसतात, पण जीव वाचतो. पिवळी फाटली तर ब्रेक दाबेपर्यंत पत्ताच लागत नाही. नळ्यांच्या टोकाच्या पाम कपलिंगमध्ये रबराची एक चकती असते. ती चपटी झाली, चिरली की हवा फुसफुसते. जोडणी करताना कान लावला तर ऐकू येते, पण शेजारी दहा इंजिनं चालू असताना ऐकणार कोण? चकत्या स्वस्त आहेत, डझनभर घेऊन ठेवा. एक जादा कॉइल नळी आणि २४ व्होल्टची सात पिनांची केबलही गाडीत असू द्या. एबीएसची, म्हणजे ब्रेक लागताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, केबल वेगळी असते. ती लटकत ठेवून वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या कळंबोलीत हव्या तेवढ्या दिसतील. त्यांनी एबीएसचे पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

टाकीतलं पाणी काढायचं ते थंड प्रदेशात, आपल्याकडे गरज नाही, असंही म्हणतात. कोकणातल्या दमट हवेत टाकीत पाणी जास्तच साचतं, आणि ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन गंज धरतं. खालची चावी रोज सकाळी ओढायची, एवढंच काम.

गैरसमज : लाल नळी काढली की ट्रेलर जाम. ठोकळा कशाला?

ज्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नाहीत, तिथे नळी काढल्यावर चाकं धरून ठेवते ती टाकीतली हवा. हवा हळूहळू गळते. संध्याकाळी घट्ट उभा असलेला ट्रेलर पहाटे मोकळा असू शकतो. म्हणून चाकाला लावायचे दोन चांगले ठोकळे, दांडीचे किंवा साखळीचे, घ्यायलाच हवेत. दगड चालत नाही का? चालतो, पण गाडी निघून गेल्यावर तो रस्त्यावरच राहतो आणि रात्री एखाद्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतो. पनवेल-उरण रस्त्यावर सकाळी असे किती दगड पडलेले असतात ते पाहा.

सुटा ट्रेलर ज्या पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, त्यांच्याखाली जाड फळ्या हव्यात. आपल्याकडच्या बऱ्याच यार्डांची जमीन खाडीत भराव घालून केलेली. पावसाळ्यात भरलेल्या ट्रेलरचा एक पाय रुतला की सगळा सांगाडा कलतो आणि घोडा पुन्हा खाली घालणं मुश्कील होतं. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन तुकडे, फूटभर रुंद, एवढ्याने भागतं.

जोडताना अजून एक. खटका वाजला म्हणजे किंगपिन अडकला, हे खरं नाही. पिन वर राहून घोड्यावरच्या जोडप्लेटच्या कडेवरही खटक्यासारखा आवाज येतो. टॉर्च घेऊन खाली वाकायचं, जबडा पिनमागे बंद झालाय का, प्लेट आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचं. मग ट्रेलरचा ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलका हिसका द्यायचा. जुना घोडा आणि नवा ट्रेलर अशी जोडी जमवत असाल तर पिनचं माप आधी विचारा. दोन इंचांचा आणि साडेतीन इंचांचा, असे दोन प्रकार असतात.

गैरसमज : टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकलं की टायर कळतो.

आवाजावरून कळतं ते टायर साफ बसलाय की नाही एवढंच. वीस-पंचवीस पौंड हवा कमी असेल तर आवाज तसाच येतो. जोडीतल्या आतल्या टायरची हवा कमी झाली की त्याचा भार बाहेरचा टायर घेतो, वरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि उन्हात पुण्यापर्यंत जाताना बाहेरचा फुटतो. दोष मात्र टायर कंपनीला. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचणारं गेज घ्या आणि सकाळी टायर थंड असताना तपासा. गरम टायरची वाढलेली हवा सोडून देणं हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. टायर थंड झाला की हवा गरजेपेक्षा कमी पडते आणि तो जास्तच तापतो.

गैरसमज : लाइट आहेत ना, मग टेप कशाला?

करळ किंवा गव्हाण फाट्याच्या आसपास रात्री यू-टर्न घेणारा चाळीसफुटी ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. बारा मीटर लांबीची काळी भिंत रस्ता अडवून उभी असते. हेडलाइट एका दिशेला, टेल लॅम्प दुसऱ्या. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसते ती फक्त बाजूची पिवळी परावर्तक पट्टी. मानकाप्रमाणे पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, असे रंग ठरलेले आहेत. पट्टी एआयएस-०९० ची छापील खूण पाहून घ्या, नकली पट्टी दिवसा चमकते आणि रात्री झोपते. आणि सोबत एक बादली, एक फडकं. पावसाळ्यात यार्डातला चिखल उडाला की खरी पट्टीही दिसत नाही. दोन हजारांची टेप लावून ती वर्षभर न पुसणारे मालक मी पाहिले आहेत.

बंद पडलेल्या गाडीमागे झाडाची फांदी लावायची पद्धतही आता पुरे. परावर्तक त्रिकोण घ्या आणि तो लांब ठेवा. ताशी ८० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, त्यामुळे पंधरा पावलांवर ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग फक्त पंचनाम्यात.

मागचा आडवा बार हा ‘पासिंगपुरता’ असतो आणि नंतर काढून ठेवला तरी चालतो, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मागून धडकलेली मोटार काचेपर्यंत खाली घुसू नये म्हणून तो असतो. वाकला तर सरळ करून घ्या.

गैरसमज : वजन कागदावर आहे, काट्याची गरज नाही.

१ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, जहाजावर चढवण्याआधी द्यावं लागतं. पण तो आकडा जहाजासाठी आहे. माल, पॅकिंग आणि खुद्द कंटेनर यांचं ते वजन. त्यात तुमचा घोडा नाही, ट्रेलर नाही, आणि कुठल्या ॲक्सलवर किती भार आला हे तर नाहीच.

हिशेब सोपा आहे. घोडा आणि रिकामा ट्रेलर मिळून साधारण १४ टन धरा. ४५.५ टनांच्या गाडीवर उरले साडेएकतीस. एक जड कंटेनर बसला, ठीक. वीस-वीस टनांचे दोन वीसफुटी चढवले तर एकूण ५४ टन, ते ५५ टनांच्या, म्हणजे दोन मागच्या ॲक्सलच्या घोड्याचं काम. जादा वजन सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच. भाडं ठरवताना दलाल ‘शेठ, सगळे नेतात’ म्हणतो. दंडाची पावती मात्र त्याच्या नावाने फाटत नाही.

कळंबोलीहून पोलाद नेणाऱ्या सपाट ट्रेलरसाठी साखळ्या आणि रॅचेट पट्टे हवेत, दोरखंड नको. कंटेनर आणि गाड्यांत माल भरण्याची जी आंतरराष्ट्रीय संहिता २०१४ मध्ये आली, ती रस्त्यासाठी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला ५० टक्के जोर धरायला सांगते. दहा टनांची कॉइल असेल तर ब्रेक लागल्यावर कॅबिनच्या दिशेने आठ टनांचा धक्का. पट्ट्यावर शिवलेलं लेबल वाचून, त्याची क्षमता मोजून पट्टे घ्या. लेबल फाटलेला पट्टा स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. ताडपत्री सपाट ट्रेलरवाल्यानेच घ्यावी. कंटेनरवाल्याला तिचं काय काम?

उरलेलं थोडक्यात. अग्निशामक एबीसी पावडरचा, काटा हिरव्या पट्ट्यात असलेला, आणि कॅबिनमध्ये हाताशी. सीटखाली सामानाच्या ढिगात नको. टर्मिनलच्या गेटसाठी हेल्मेट, परावर्तक जॅकेट आणि सेफ्टी शूज, तेही मालकाच्या पैशाने, ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापून नव्हे. फॉर्म १३ (टर्मिनलच्या गेटचा कागद) आणि ईआयआर (कंटेनर देवघेवीची पावती) यांच्यासाठी पावसात न भिजणारी एक फाइल. आणि बोल्ट सील म्हणजे कुलूप, असं समजू नका. कटरने ते तोडता येतं. त्याचं काम तोडलेलं दिसावं एवढंच आहे. यार्डातून निघण्याआधी सीलचा नंबर कागदाशी ताडून मोबाइलवर फोटो काढला नाही, तर पुढे माल कमी निघाल्यावर ‘सील कुठे बदललं’ याचं उत्तर ड्रायव्हरलाच द्यावं लागतं.