गुपित किती काळाचं?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकांत वेळापत्रक असतं, प्रश्नपत्रिका असते, जात प्रमाणपत्रही असतं. तिन्हींना एकच कुलूप लावणं म्हणजे निव्वळ आळस. वेळापत्रक जगजाहीर. प्रश्नपत्रिका पेपर सुरू होईपर्यंत जिवापाड जपायची; पेपर सुटला की तीच झेरॉक्सच्या दुकानात मिळते. जात प्रमाणपत्र, आधार क्रमांक, आजारपण मात्र जन्मभर खासगीच. म्हणून माहितीची वर्गवारी करताना गुप्ततेची मुदतही ठरवावी लागते. मग येतं कूटबद्धीकरण, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणं. २५६ बिटांची किल्ली एकेक शक्यता तपासून शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं. पण फाइल आणि पासवर्ड एकाच ईमेलमध्ये धाडले, की सगळं मुसळ केरात! शिवाय उघडलेली प्रत कार्यालयातल्या सामायिक संगणकावर ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते, तिला कुलूपबिलूप काही नसतं.